लाजाळू, घरगुती, दोन स्टार

बाजारात एखाद्या बाईनं कोणाला "भाऊ" म्हणून हाक मारली की माझी मान आपोआप वळते. सासरी शहापुरात, भंडाऱ्याच्या बसस्टँडवर, माहेरी नाकाडोंगरीला, कुठंही. नवरा विचारतो, "कोणाले शोधून राहिली तू?" मी म्हणते, कोणाला नाही. खोटं बोलते. मी एका बाईला शोधते. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण तिच्याबद्दल सतरा माणसांनी लिहिलेलं वाचलं आहे.

लग्नानंतर सहा वर्षं घरात बसून डोक्याला गंज चढला होता. बी.ए. झालेलं, टायपिंग बरं, हायवेचं गाव म्हणून नेटही चांगलं. ओळखीतून एक काम मिळालं. ग्राहकांचे अभिप्राय वाचायचे, भाषा नीट करायची आणि वेबसाइटवर चढवायचे. घरी सांगितलं, हॉटेलांचे रिव्ह्यू आहेत. दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी कळलं, हॉटेलं नाहीत, बाया आहेत. नागपुरात तासाच्या हिशेबानं 'सोबत' देणारी सेवा होती ती. फोटोखाली स्टार, स्टारखाली पुरुषांची मतं.

तेव्हाच सोडायला हवं होतं. नाही सोडलं, कारण खरं सांगू का, मजा वाटायला लागली. एकाच बाईबद्दल एक लिहितो, "फार बोलते, डोकं खाल्लं." त्याच आठवड्यात दुसरा लिहितो, "तोंडच उघडत नाही." एकाला ती जाडी वाटली, दुसऱ्याला सुकलेली. एका महाभागाची गाडी रस्त्यात पंक्चर झाली, तर त्यानं त्याचाही राग बाईवर काढून एक स्टार दिला. नाचता येईना, अंगण वाकडं! मी एकटीच लॅपटॉपसमोर बसून हसायची. मलाही सात घरचे पाहुणे पाहून गेले होते. एका घराला मी ठेंगणी होते, दुसऱ्या घराला मुलापेक्षा उंच. 'विचार करून कळवतो' म्हणजे नाही, हे मी तेव्हाच शिकले होते. त्यामुळं ही भाषा मला अगदीच परकी नव्हती.

वरून एक यादी आली होती. डावीकडे ग्राहकाचं बोलणं, उजवीकडे आपण छापायचा शब्द. सारखी घड्याळ पाहते, म्हणजे 'प्रोफेशनल'. सांगेल ते ऐकते, म्हणजे 'फुल कोऑपरेटिव्ह'. फोटोतली आणि समोरची एकच निघाली, म्हणजे 'जेन्युइन'. साधी राहते, टिकली लावते, म्हणजे 'घरगुती'. यादीच्या शेवटी एक लाल रकाना होता. बाई मर्जीनं आलेली नाही अशी शंका आली तर मजकुराला हात न लावता तो तिथं टाकायचा. मग प्रोफाइल थांबवून चौकशी होते, असं सांगितलं होतं. खरंच होत होती का, देव जाणे. माझ्या हातात तेवढा एकच रकाना होता.

उन्हाळ्यातली दुपार होती. एक अभिप्राय आला. "पूर्ण वेळ नको नको करत होती. वरून म्हणते, मले घरी पोचवून द्या नं भाऊ. भाऊ म्हटल्यावर काय मूड राहणार? दोन स्टार."

ते 'मले' वाचून मी थबकले. अगं बाई, ही तर आपल्याच इकडची! प्रोफाइलवर वय सव्वीस, शहर नागपूर, चेहरा धूसर केलेला.

आणि मी काय केलं? आमच्याकडे पाहुणा "बस, बस" म्हणत ताटावर आडवा हात धरतो आणि आपण त्या हाताच्या फटीतून आणखी वाढतो. न वाढलं तर तोच गावभर सांगतो, आग्रहच नाही केला. बाईचं 'नको' तर कोणी धरतच नाही. माझ्याच पाहण्याच्या वेळी मी आईला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मले नाही करायचं एवढ्यात." आई पाहुण्यांकडे पाहून हसली, "लाजते पोरगी." सगळे हसले, साखर तोंडात पडली, लग्न ठरलं. नवरा चांगला निघाला ते माझं नशीब. पण ते 'नको' माझं मलाही पुढं खोटं वाटायला लागलं होतं. म्हणून त्या दुपारी तिचंही मला तसंच वाटलं. मी छापलं, "लाजाळू, घरगुती. आपलेपणानं बोलते. पहिल्या भेटीत थोडं सांभाळून घ्यावं." 'भाऊ'चं वाक्य काढून टाकलं, बरं दिसत नव्हतं. मग उठून चहा टाकला.

त्यानंतर त्या बाईकडे रांग लागली. 'लाजाळू' वाचून आलो, असं चौघांनी लिहिलं. एक चिडला होता, "लाजाळू कसली, ही तर नुसती भिंतीकडे पाहत राहते." दुसरा खूश होता, "खरंच लाजते. शेवटपर्यंत एक शब्द नाही. पाच स्टार."

जी बाई 'मले घरी पोचवून द्या' म्हणत होती, ती आता काहीच म्हणत नव्हती. आणि माणसं तिच्या मुकेपणाला स्टार देत होती. मी तो पहिला मजकूर शोधायला धावले. पण अभिप्राय छापला की ग्राहकाचं मूळ लिहिणं आपोआप पुसलं जायचं, आमचंच तेवढं उरायचं. मी तिच्या पानावरचे पंधरा आणि नवे आलेले दोन, अशा सगळ्या सतरा अभिप्रायांचे मोबाइलनं फोटो काढले आणि नवे दोन्ही लाल रकान्यात टाकले.

तासाभरात सुपरवायझरचा फोन. "मॅडम, पाच स्टारवाला लाल रकान्यात कायले टाकला? कस्टमर तर खूश आहे नं."

"कस्टमर खूश आहे, बाईचं काय?"

"तिचा पहिला रिव्ह्यू तुम्हीच क्लिअर केला. तेव्हा लाजाळू होती. आता काय झालं?"

मी दोन शिव्या देऊन फोन ठेवला, त्यानं काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद झालं होतं आणि तिचं प्रोफाइलही गायब.

दोन दिवस मी जेवले नाही. शेवटी नवऱ्याला बसवलं आणि सारं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तो एवढंच म्हणाला, "आधी काहून नाही सांगतलं? चाल." आणि मोटरसायकल काढून मला पोलीस ठाण्यात घेऊन गेला.

तिथली पोलीसबाई भली होती. दार लोटून घेतलं, पाणी दिलं, कागद पुढं ओढला. नाव काय? माहीत नाही. गाव? आमच्या इकडचं असावं, बोलण्यावरून. रंग? मी मोबाइल चाळला. एकानं गोरी लिहिलं होतं, एकानं सावळी, एकानं काळी. उंची? एकाला उंच, दोघांना ठेंगणी. केस? कोणी लिहिलंच नव्हतं. सतरा पुरुष तिच्या इतक्या जवळ जाऊन आले होते, आणि सतरा जणांचं मिळून एका बाईचं वर्णन होत नव्हतं.

"घरी जायचं म्हणाली म्हणता, ते कुठं आहे यात?"

"ते नाही त्यात."

तिनं माझा मोबाइल हातात घेतला आणि तो दोन स्टारवाला अभिप्राय मोठ्यानं वाचला. लाजाळू, घरगुती. आपलेपणानं बोलते. पहिल्या भेटीत थोडं सांभाळून घ्यावं. मग त्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "याले धरलं पाहिजे आधी. यानंच बाकीच्यांना वाट दाखवली. कोण आहे हा, काही सांगता येते?"

नवरा बाजूच्या खुर्चीवर बसला होता. मी म्हटलं, "मी."