तिसऱ्या लाथेचा आवाज

मी जन्मले ती पायांनी. डोकं मागाहून आलं, आणि माझ्या सासूचं मत होतं की ते अजून पूर्ण आलेलं नाही.

अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळूने लाथ मारली की कमरेत भरलेली उसण जाते, हे आमच्या विचुंबे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. रीत सोपी. उसणवाल्याने सकाळी तोंड न धुता यायचं, ओट्यावर पालथं पडायचं, आणि पायाळूने एक शब्द न बोलता डाव्या पायाने कमरेवर तीन लाथा मारायच्या. मी शिकले चौथीपर्यंत. माझ्या बरोबरीच्या पोरींना शिवण यायचं, गाणी यायची. मला लाथ मारता यायची. पण मान काय होता! लग्नाच्या मांडवात पहिली खुर्ची माझी. गावच्या सरपंचाला मी लाथ मारलेली आहे. (त्याच्या बायकोने नंतर लुगड्याची घडी दिली. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.)

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. गावाभोवती इमारती उठत होत्या. जमिनी विकून लोकांनी गाड्या घेतल्या होत्या आणि गाड्यांत बसून बसून कंबरा धरल्या होत्या. माझ्या ओट्यावर रांग!

एका सकाळी पुतण्या नारायण आला. अंगाने म्हैस. पालथा पडला तर पोट खाली आणि हातपाय वर. मी पहिली लाथ मारली. दुसरी मारली. तिसरीला जरा जोर लावला आणि 'कट्ट' असा आवाज झाला.

"काकी!" नारायण ओरडला. "आवाज आला! सुटली उसण!"

आवाज माझ्या कमरेचा होता.

नारायण टुणकन उठला. मी मात्र एका पायावर, खाडीतल्या बगळ्यासारखी. पाय खाली येईना, कंबर वर होईना, आणि रीतीप्रमाणे बोलायचंही नाही!

"काकी, पाय खाली ठेव ना. नमस्कार करायचा हाय."

मी डोळे वटारले. त्याने अधांतरी पायालाच नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेला. मग सून सुनंदा बाहेर आली आणि तिने मला खुंटीवरची छत्री काढावी तशी उचलून खाटेवर टाकली.

आता आली का पंचाईत! सोनाराने कान टोचून घ्यायला लोहाराकडे जावं, तशी माझी गत. गावाला कळलं की पायाळूचीच कंबर गेली, तर उद्यापासून मला कोण विचारणार? पहिली खुर्ची जाणार आणि मी मागे, जेवणाच्या पंगतीशी, उष्ट्या पत्रावळींजवळ!

"सुनंदा," मी म्हटलं, "तूच मार एक लाथ."

"आई, मी कुठे पायाळू आहे?"

"मारून तर बघ."

ती पदर खोचून इतक्या आनंदाने पुढे आली, की मी म्हटलं, "राहू दे. डॉक्टरकडे जाऊ."

नवीन पनवेलमध्ये एक व्यायामाची डॉक्टरीणबाई होती. फिजिओथेरपी म्हणतात त्याला. मला तो शब्द बोलायला जमेपर्यंत कंबर निम्मी बरी झाली होती. डोक्यावरून पदर ओढून, रिक्षात खाली मान घालून गेले. बघते तर डॉक्टरीण म्हणजे माझ्या नातीएवढी पोर. गोळी नाही, सुई नाही. आधी गरम पाण्याची पिशवी, मग कमरेला वायरी, मग म्हणाली,

"आजी, उताणं झोपा. गुडघे दुमडा. आता कंबर वर उचला आणि दहा आकडे होल्ड करा."

"बाई, चाळीस वर्षं भात लावला. तेव्हा कंबर खाली होती. आता वर कशाला?"

"तेव्हा खाली होती म्हणूनच आता वर. एक... दोन..."

पोरगी तोंडाने गोड आणि हाताने कसाई. पण चौथ्या दिवशी मी आपली आपण खाटेवरून उठले, हे कबूल केलं पाहिजे.

गावात सांगितलं होतं की चिरनेरला बहिणीकडे जाते, ती आजारी आहे. शेजारीण हिराने कुंपणावरून विचारलंच.

"काय झाला गो बहिणीला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कंबर."

"मंग तू लाथ नाय मारली?"

मारली म्हणावं तर गुण का नाही आला? नाही म्हणावं तर बहीण सख्खी!

"ती मोठी हाय," मी म्हटलं. "मोठ्या बहिणीला लाथ कशी मारू?"

"ते पण खरंच," हिरा म्हणाली. "मी चाललंय लेकीकडं तळोज्याला. आठ दिस झालं, रोज जावं लागतं. नातू लय रडतो."

माझ्या व्यायामाचा आठवा दिवस. मी पडद्याच्या अलीकडच्या खाटेवर, कंबर हवेत. डॉक्टरीणबाई सांगून गेली होती की दहा आकडे होईपर्यंत खाली यायचं नाही. पडद्यापलीकडे ती दुसऱ्या बाईला विचारत होती,

"इतकी वर्षं दुखतंय तर आधी काय उपचार केले?"

"लाथा खाल्ल्या."

"काय?"

"आमची शेजारीण हाय ना, पायाळू. पंधरा वर्षं तिच्या लाथा खाल्ल्या. एकदा पण गुण नाय आला."

आवाज ओळखीचा. तळोज्याला जाणारा! माझे चार आकडे झाले होते.

"मग पुन्हापुन्हा का जायचात?"

"तिला वाईट वाटंल ना. आनि भांडण झाला तर नळ तिच्या अंगणात हाय."

पाच. सहा. सातला माझा धीर सुटला.

"हिरे! खोटारडे!" मी ओरडले आणि धपकन खाली आले. हाताला लागला तो पडदा धरला, पडदा दांड्यासकट आला, दांडा डॉक्टरीणबाईच्या टेबलावर आणि गरम पाण्याची पिशवी माझ्या पोटावर! पलीकडे हिरा. कमरेला चार वायरी, डोळे बशीएवढे.

"तू गो? तू तर चिरनेरला!"

"आणि तू तळोज्याला! पंधरा वर्षं 'बरा वाटला, बरा वाटला' म्हणत होतीस!"

"नाय म्हटला असता तर तू चौथी मारली असतीस!"

(खरंच मारली असती.)

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे त्या लाथवाल्या आजी तुम्हीच? माझ्याकडे तुमच्या गावचे पाच पेशंट आहेत!"

मी हिराकडे बघितलं, हिराने माझ्याकडे. मग ती आधी हसली. वायरी हलायला लागल्या. मग मी हसले आणि कमरेत कळ आली, तरी हसले. हसून झाल्यावर मी म्हटलं, "हिरे, गावात बोललीस तर नळ बंद." ती म्हणाली, "तू बोललीस तर सगळ्यांना सांगीन तू इथं हवेत काय उचलून पडली होतीस." करार पक्का!

जाताना डॉक्टरीणबाईने माझ्या कमरेला रुंद पट्टा आवळला. इतका घट्ट, की मी लग्नानंतर पहिल्यांदाच सरळ उभी राहिले. वरून पदर घेतला आणि दार उघडलं.

बाहेर बाकावर तिघं बसले होते. तिघंही विचुंब्याचे! त्यातला एक नारायण.

संपलं, म्हटलं. गेली खुर्ची. पण बघते तर नारायण घाबरून उभा राहिलेला. मी त्यांना पकडायला आले, असं वाटलं त्याला!

"काकी, एकदाच आलो! आईशप्पत! हा बोलला म्हणून आलो!"

"मी नाय बोललो काकी, हा बोलला!"

मी एकेकाकडे नजर टाकली. "लाज नाय वाटत?" एवढंच म्हटलं आणि पट्ट्याच्या जोरावर ताठ चालत निघाले. मागून कुजबुज ऐकू आली, "या वयात कशी चालतं बघ! पायाळू ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही तोंड न धुता ओट्यावर पालथे पडलेले. प्रायश्चित्त घ्यायला! नाही म्हणायची सोय नव्हती. तीन त्रिक नऊ लाथा.

दुपारी सुनंदाने मला पुन्हा डॉक्टरीणबाईसमोर आडवी केली.

"आजी, काल तर छान होतात! असं काय जड उचललंत?"

"पाय," मी म्हटलं.