कॉफीपुरती मोकळीक

दोनातो आर्थिक पोलिसांत फौजदार होता. पुल्या प्रांतातल्या त्या लहानशा गावात निम्मे लोक पोलिसाचे नातलग निघणार, आणि हेच त्याचं अवघड जागेचं दुखणं.

गावातल्या बेकरीवाल्यांनी संगनमत करून पावाचा भाव ठरवला, अशी तक्रार झाली आणि भल्या सकाळी रोमहून स्पर्धा आयोगाच्या एक बाई आल्या. झडती त्या घेणार. दोनातोनं फक्त दार उघडून घ्यायचं आणि कुणाला काही लपवू द्यायचं नाही. पण पहिलीच बेकरी सावेरियोची. त्याच्या लेकीला बाप्तिस्म्याला दोनातोनं धर्मपिता म्हणून हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कुम्पारे, सख्ख्या भावांहून जवळचे.

"फोन कुठाय?" बाईंनी विचारलं.

"मागे, चार्जिंगला. बघा खुशाल, माझं काय जातंय," सावेरियो म्हणाला. दोनातोला ते उसनं अवसान वाटलं.

"आधी कॉफी," सावेरियोची बायको फिलोमेना म्हणाली. "कुम्पारे, कोरड्या तोंडानं गेलास तर लेकीला काय सांगू?"

तिथे कॉफी नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. आणि खरं तर त्याला नाकारायचीही नव्हती. फिलोमेना आत गेली. भट्टीचं लोखंडी दार वाजलं. कॉफीला भट्टी लागत नाही, हे त्याला कळत होतं, तरी तो रस्त्याकडे बघत राहिला. जळक्या प्लास्टिकचा वास आला, बाई आत धावल्या, आणि त्याला मनातून हायसं वाटलं.

इतर बेकरीवाल्यांनी आपापल्या फोनमधले निरोप केव्हाच पुसले होते. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि म्होरक्या म्हणून त्यानं सावेरियोचं नाव दिलं. दंडापायी बेकरी विकावी लागली.

"भाव ठरवायला मी एकटाच 'नाही' म्हणालो होतो," सावेरियोनं दोनातोला चौकीबाहेर गाठून सांगितलं. "आई-बहिणीवरून शिव्या घालून नाही म्हणालो. सगळं त्या फोनमध्ये होतं."

"मग फिलोमेनाला सांगायचंस ना."

"बाजारातली भांडणं घरी कशाला नेऊ? ती मला चोर समजली, चालेल, भित्री आहे बिचारी. पण तूसुद्धा?"

दोनातो चौकीच्या पायरीवर बसला.

"बाई विचारत होत्या, बायकोला आत कुणी जाऊ दिलं," सावेरियो म्हणाला. "मी म्हटलं, मीच पाठवलं. त्याचा दंड वेगळा लागला. कुम्पारेचं नाव कसं घेणार?"