मधलं शटल कोणाचं?

आमच्या कॉलनीच्या क्लबात मी भरवलेल्या खेळीमेळीच्या बॅडमिंटन स्पर्धेत एकूण एक दात पडला. तोही खोटा होता. एवढ्यावर निभावलं, म्हणून आज मी हे हसत लिहू शकते.

'क्लब' या शब्दाने दबून जाऊ नका. मखमलाबाद नाक्याच्या पुढे आमची कॉलनी, कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड, शेडमध्ये एक बॅडमिंटन कोर्ट आणि एक कॅरम (राणी हरवलेला). घरोघरी केबल आली होती, मोबाइल यायचे होते, त्यामुळे भांडायचं तर लोकांना अजून समोरासमोर यावं लागे. ती सोय क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत होई. आदल्या वर्षी फायनल हरलेल्या गृहस्थांनी नेट सोडवून घरी नेलं आणि त्यावर कारल्याचा वेल चढवला!

अशा क्लबाची मी विसाव्या वर्षी चिटणीस झाले. बिनविरोध. (दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं.)

माझं नाव क्रांती. नावावरूनच बाबांचा अंदाज येईल. ते सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक सगळाच वेळ, युनियनमध्ये. आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. बाकीची मुलं 'कमळ' वाचायला शिकली, मी 'निषेध' वाचायला शिकले. तेव्हा चिटणीस झाल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? पत्रक काढलं!

'बंधू-भगिनींनो! जिंकण्या-हरण्याच्या गुलामीतून खेळाला मुक्त करा! या स्पर्धेत गुण नाहीत! कप नाही! दर सात मिनिटांनी शिट्टी होईल! शिट्टी होताच चौघांनी हस्तांदोलन करून जोडीदार बदलावा! नवी जोडी चिठ्ठीने ठरेल! चिठ्ठी कोणत्याही कारणास्तव बदलली जाणार नाही! नातं, वय, हुद्दा पाहिला जाणार नाही!'

आमच्या शेजारचे पगार सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाळ, चहा आहे ना?"

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकत बसले होते, तेवढ्यात मंजू आली. मंजू माझी चुलत बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या नानाकाकांची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. एरवी ती आली की अर्धा तास साड्यांवर बोले. आज दार लावून घेऊन म्हणाली, "क्रांती, सोमवारी पत्रिका छापायला जाणार."

"मग?"

"मग काय मग! मोठ्या बाबांचं नाव टाकायचं की नाही, ते नानांनी अजून सांगितलेलं नाही."

मोठे बाबा म्हणजे माझे बाबा. आमच्याकडे पत्रिकेत सर्वांत वर घरातल्या थोरल्याचं नाव असतं. ते नसलं की मांडवात येणारा प्रत्येक पाहुणा, हरसूलपासून चांदवडपर्यंतचा, आधी नवरीकडे न बघता 'थोरला कुठंय?' म्हणून बघतो. आणि आमचा थोरला व धाकटा गेली तीन वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

कारण एक पत्रक होतं. नानाकाकांची मखमलाबादला फुलशेती आणि फुलबाजारात गाळा. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी बाबांच्या नावाने एक पत्रक निघालं. त्यात शेवटची ओळ अशी होती, 'शेतकऱ्यांनो! काट्याकडे बघा, आणि काटा धरणाऱ्या हाताकडेही बघा!' नेमका त्याच आठवड्यात नानाकाकांनी नवा वजनकाटा घेतला होता. सगळा बाजार त्यांच्या हाताकडे बघायला लागला! काकांनी बाबांना एकदाच विचारलं, "दादा, हे तू काढलं?" बाबा म्हणाले, "खाली नाव माझंच आहे." संपलं. तेव्हापासून अबोला. (पत्रकाचा मजकूर प्रत्यक्षात कोणी लिहिला होता, या तपशिलाला इथे तसं महत्त्व नाही.)

"काल नाना पहिल्यांदा म्हणाले, बघू, टाकू दादाचं नाव," मंजू माझा हात धरून म्हणाली. "जरा विरघळलेत गं. उद्या दोघंही खेळायला आहेत. एवढंच कर, त्यांना एका कोर्टावर आणू नकोस. एक चिठ्ठी इकडची तिकडे. कोणाला कळतंय!"

"मंजू! आज एक चिठ्ठी, उद्या मतपेटी!"

"बॅडमिंटन आहे बाई ते!"

"तत्त्व ते तत्त्व!"

मंजूने माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक बंद पडलेल्या एसटीकडे बघतात. मग ती निघून गेली.

रविवारी सकाळी थंडी मरणाची होती. तरी सगळे आले. कोणी स्वेटरवर, कोणी कानटोपीत. गुण नाहीत म्हटल्यावर लोक खरंच हसत खेळत होते. कॉलनीतल्या दाणी मावशींनी नऊवारी खोचून असे काही फटके मारले की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं कायमची स्थलांतरित झाली. मी भिंती रंगवायच्या लाकडी घोड्यावर, तोंडात शिट्टी धरून, नव्या समाजाची पहाट बघत बसले होते.

तिसऱ्या फेरीसाठी पगार सरांनी डब्यात हात घातला. एका बाजूला ते स्वतः आणि दाणी मावशी. दुसऱ्या बाजूच्या दोन चिठ्ठ्या त्यांनी उघडल्या, वाचल्या, आणि चष्मा काढून पुसला.

बाबा आणि नानाकाका.

सरांनी माझ्याकडे बघितलं. 'चिठ्ठी ओली झाली, वाचता येत नाही' एवढं म्हणायलाही ते तयार दिसत होते. मंजूने कोपऱ्यातून माझ्यापुढे हात जोडले. खरोखरचे जोडले!

आणि मी घोड्यावरून जाहीर केलं, "चिठ्ठी बदलली जाणार नाही!"

आता बॅडमिंटनच्या जोडीत दोन शब्दांवाचून चालत नाही. 'माझं' आणि 'तुझं'. मध्ये शटल आलं की एकाने ओरडायचं असतं. आमचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलतच नव्हते. त्यामुळे पहिलं शटल दोघांच्या मधोमध अलगद उतरलं. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"क्रांती," बाबा म्हणाले, "त्यांना विचार, मधलं शटल कोणाचं?"

"नानाकाका, बाबा विचारताहेत, मधलं शटल कोणाचं?"

"त्यांना सांग," नानाकाका नेटकडे बघत म्हणाले, "मधलं काय, पुढचं-मागचं समदं मी बघतो. त्यांनी फक्त पत्रकं काढावी."

"बाबा, काका म्हणतात..."

"ऐकलं मी!"

जगात दुभाषी घेऊन बॅडमिंटन खेळणारी ती पहिलीच जोडी असेल. माझा निरोप इकडून तिकडे पोचेपर्यंत शटल पडून, उचलून, परत येऊन पुन्हा पडलेलं असायचं. पगार सर तर इतके संकोचले की मुद्दाम नेटमध्ये मारायला लागले.

मग बाबांची सर्व्हिस आली, आणि ती पुढे उभ्या असलेल्या नानाकाकांच्या मानेत बसली. टच्!

काकांनी मान चोळली. वळले नाहीत.

"क्रांती, सांग त्यांना, चुकून लागलं."

"काका, बाबा म्हणतात, चुकून..."

"इचार त्यांना," काका हळू आवाजात म्हणाले, "मागच्या येळेलाबी चुकूनच लागलं व्हतं का?"

हा निरोप मी पोचवला नाही. पोचवायची गरजही नव्हती. बाबांचा चेहरा पडला. काकांनी रॅकेट काखेत मारली. आता हा माणूस घरी जाणार आणि पत्रिकेतली वरची ओळ कोरी राहणार, हे कोपऱ्यातल्या मंजूलाही कळलं. तिने पदर तोंडाला लावला. मी शिट्टी तोंडात धरली होती, ती फुंकून फेरी संपवू शकत होते. पण सात मिनिटं व्हायला दोन मिनिटं बाकी होती ना! (तत्त्व ते तत्त्व.)

तेवढ्यात दाणी मावशींनी, निव्वळ काहीतरी करायचं म्हणून, शटल उंच उडवलं. ते पत्र्यापर्यंत गेलं, क्षणभर थांबलं, आणि बरोबर मधोमध खाली यायला लागलं. काकांनी काखेतली रॅकेट काढली. बाबा मागून धावले. दोघांच्या माना वर, दोघांची तोंडं घट्ट बंद. 'माझं' म्हणायला कोणी तयार नव्हतं आणि 'तुझं' म्हणायला तर तीन वर्षांत कोणी तयार नव्हतं!

धाड!

दोघे एकमेकांवर आपटून खाली बसले. काहीतरी पांढरं हवेत उडालं. शटल शेवटी काकांच्या पोटावर येऊन पडलं.

"नाना!" बाबा ओरडले. "लागलं का रे?"

तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य!

"आंधळा झाला का तू, दादा? एवढा मोठा मी दिसत नाय व्हय!"

"मग 'माझं' म्हणायचं होतंस!"

"कसा म्हननार? तू बोलत नाय ना माझ्याशी!"

"मी बोलत नाही? तू बोलत नाहीस!"

"कोन बोलंल? सख्ख्या भावाला चोर लिवतोस! काटा काय, हात काय! जुना काटा खोटं दाखवत व्हता म्हनून मी नवा घेतला रे! लोकांचं नुकसान नको म्हनून! आन तू..."

बाबांनी ओठ पुसला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आपल्या नावाने निघालेलं पत्रक आपलं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि जमिनीवर बसून, ओठातून रक्त येत असतानाही ते त्या तत्त्वाला चिकटून होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तत्त्व हे असं असतं, आणि मी घोड्यावर बसून जे करत होते, ते काहीतरी वेगळंच होतं.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मी!"

पण तोंडात शिट्टी होती. पीऽऽऽप्!

शिट्टी झाली, म्हणून पगार सर आणि दाणी मावशींनी आज्ञाधारकपणे हस्तांदोलन केलं.

मी शिट्टी काढून पुन्हा म्हटलं, "मी लिहिलं होतं, काका. ती ओळ माझी आहे. बाबांनी छापून आल्यावर वाचली."

"तू?" काका खाली, मी घोड्यावर. "तवा तू केवढी व्हती गं?"

"सतरा. पण ते तुमच्याबद्दल नव्हतं! ते एकूण व्यवस्थेबद्दल होतं!"

"समद्या बाजारात नवा काटा माझा एकट्याचा व्हता, क्रांते! तुला दिसला नाय?"

"मी बाजारात कधी गेलेच नव्हते."

हे वाक्य मी फार हळू म्हटलं. तरी शेडच्या शेवटच्या पत्र्यापर्यंत ते ऐकू गेलं.

काका बाबांकडे वळले. "आन तू तीन वर्षं गप्प बसला, दादा? हिच्यासाठी?"

"खाली नाव माझं होतं," बाबा म्हणाले. पण समोरचा दात नसल्यामुळे ते इतकं फुसफुसलं की काका हसायलाच लागले. आधी पोटावरचं शटल हललं, मग सगळे काका. मग बाबाही हसले, आणि त्यांच्या तोंडातली ती खिडकी बघून काका पुन्हा हसले. मंजू रडत होती की हसत होती, कळेना. मला मात्र घोड्यावरून उतरावं लागलं. तीन वर्षं पोटात धरलेलं ओझं असं एकदम सुटलं की माणूस घोड्यावर बसू शकत नाही!

बाबांचा दात मात्र सापडेना. सगळ्यांनी कोर्ट पालथं घातलं. शेवटी पगार सर म्हणाले, "तोवर पुढची जोडी काढू या," आणि डब्यात हात घालून त्यांनी दात बाहेर काढला. तो निरखून त्यांनी विचारलं, "याच्या जोडीला कोण?"

सोमवारी पत्रिका छापायला गेली. सर्वांत वर बाबांचं नाव, त्याखाली काकांचं. लग्नात दोघे भाऊ मांडवाच्या दाराशी असे खांद्याला खांदा लावून उभे होते की पाहुण्यांना आत शिरायला जागा नव्हती.

मला शिक्षा झाली. तीन वर्षांत दोघा भावांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट! पुढच्या दसऱ्याला पहाटेपासून मी काकांच्या गाळ्यावर झेंडू तोलायला उभी होते. बोटं केशरी, पाठ मोडलेली, समोर ही गर्दी! एक मावशी बराच वेळ कधी माझ्या काट्याकडे बघत होत्या, कधी माझ्याकडे. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ओ ताई, तो हात काढा आधी काट्यावरून!"

मागे फुलांच्या ढिगावर बसलेले दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "काढ गं, क्रांते!"

मी काढला. हात खरंच काट्यावर होता!