भिंतीवरच्या बाईचा पत्ता

आमच्या चौकातल्या पानठेलेवाल्याने एका बाईचा पत्ता तिच्या नवऱ्याला सांगितला आणि त्यामुळे तिची पोर गेली, असं गोंदियात लोक अजून म्हणतात. ते खरं नाही. पत्ता मी सांगितला.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे भिंती आल्या. शहर सजवायचं ठरलं की मला बोलावणं यायचं. कोणती भिंत घ्यायची, मालकाला कसं पटवायचं, काय काढायचं, कोणत्या पेंटरला द्यायचं, हे मी ठरवायचो. नागपूरची कलावंत मंडळी मला क्युरेटर म्हणत, इथे मी भिंतवाले सर. आधी मोर, कमळं, ‘झाडे लावा’ असंच चाललं होतं. बिरसीच्या विमानतळाच्या रस्त्याला विमान झालं, चिचगडला मोहाची फुलं झाली. मला त्याचा वीट आला. मला इथली माणसं हवी होती, नाव घेऊन ओळखता येतील अशी.

एका राईस मिलमध्ये मला ती दिसली. रेजा होती, रोजंदारीवर कोंडा भरायची. भुवयांवर, पापण्यांवर कोंड्याची पूड बसलेली आणि शेजारणीच्या कसल्याशा टोमण्यावर ती तोंड उघडून हसत होती. मी फोटो काढला. परवानगी मालकाची घेतली. तिला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती लाजून पदर ओढत होती, एवढं आठवतं.

भिंत आमच्या चौकातल्या गोदामाची होती, पानठेल्याच्या शेजारची. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तीच. पेंटर जुना, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. छापील फ्लेक्स आल्यापासून हात रिकामा असलेला. त्याने फोटोवर आणि भिंतीवर चौकटी आखल्या आणि परांचीवर चढला. डोळे पुरे झाले तसे ऑटोवाले ऑटो थांबवून पाहू लागले. "अरे, ही तर मिलवाली!" लोक लांबून ओळखत होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं.

लोकार्पणाच्या आधी ती माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सर, थो चेहरा पुसून टाका."

"का गं? सगळं गाव कौतुक करतंय."

"गावाचं काय करू जी? माह्या नवऱ्याले मी कोठी आहो थे मालूम नाही. पोरीले घेऊन रातोरात निघून आली होती. मी मार खाऊन घेईन सर, पण थो पोरीले घेऊन जाईन."

मी म्हणालो, तो एवढ्या लांबून कशाला येतो.

"रोज इतल्या गाड्या येतात. कोणी ना कोणी त्याले सांगनच. मले वाटलं, फोटो पेपरात येईन. पेपर तं दुसऱ्या रोजी पुडी बांधाले जाते. हे तं जाऊनच नाही राहिलं."

मी तिला चार दिवस थांब म्हणालो. पाहुणे येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. पेंटरला ही गोष्ट कळली तेव्हा तो म्हणाला, "नाक जरासं बसकं करतो, हनुवटी रुंद करतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मग ती ती राहणार नाही."

"तेच तं पायजे ना जी तिले!" तो हसला. मी हसलो नाही आणि होही म्हणालो नाही.

लोकार्पण झालं. माझा शाल-नारळ झाला. भिंतीसमोर उभं राहून फोटो काढायला रांग लागली, ते फोटो मोबाईलवरून कुठे कुठे गेले. चार दिवसांचे आठ झाले. आणखी काही मंडळी नागपूरहून पाहायला येणार होती. तेवढं होऊ दे, मग करू, असं मी पेंटरला सांगितलं.

त्या सकाळी मी भिंतीखाली उभा होतो. रोजच जायचो, लोकांचं बोलणं ऐकायला. एक माणूस शेजारी येऊन थांबला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. बराच वेळ वर पाहत राहिला.

"आपने बनवाया, साहब? एकदम वही है. लगता है अभी बोलेगी."

असं कोणी मला म्हणालं नव्हतं. मी त्याला फोटो कुठे काढला ते सांगितलं, कोंड्याची पूड कशी साधली ते सांगितलं. मिल कोणती ते सांगितलं. त्याने सहज विचारलं, "रहती कहाँ है बेचारी?" मी हात करून दाखवलं, मिलच्या मागच्या खोल्या. तो नमस्कार करून गेला.

तिचं बोलणं मला ठाऊक होतं. माझ्याच दारात ती ते बोलून गेली होती. ते तेव्हा आठवलंच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. आठवलं होतं. तो नमस्कार करून वळला त्याच क्षणी आठवलं. मी त्याच्या मागे गेलो नाही. भलताच कोणी असला तर उगाच शोभा होईल, असं वाटलं.

ती मिलमध्ये कामावर होती. पोर शाळेतून आली आणि खोलीवर एकटी होती. तो तिला घेऊन जाताना शेजारणींनी पाहिलं, पण लोकही काय म्हणणार, बापच होता.

संध्याकाळी ती चौकात आली, तेव्हा मी तिथेच होतो. डोक्यावर पदर नाही, हातांना कोंडा तसाच. वर तिचा चेहरा हसत होता. ती सरळ पानठेल्यावर गेली.

"कोण सांगतलं त्याले?"

"भाभी, कसम से, मैंने किसी को कुछ नहीं बताया."

"तू नाही तं कोण? दिवसभर इथंच रायते तू!" मग ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही रोज इथं येता. तुम्ही तरी सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

ती स्टेशनकडे गेली ती परत आली नाही. खोली तशीच राहिली. पुढे मिलने ती दुसऱ्या रेजेला दिली. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भिंतीवर पांढरा रंग मारून घेतला होता. भिंतीला ओल आली, असं सगळ्यांना सांगितलं. सत्काराच्या भाषणांतही तेच सांगितलं.

पानठेल्यावर बायामाणसं थुंकून जायची. गिऱ्हाईक तुटलं. शेवटी त्याने ठेला उचलून बसस्टँडकडे नेला. या वर्षी मी त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो पानाला चुना लावत होता, हात थांबला नाही.

"मालूम है, सर. आपको उसके साथ खड़ा देखा था मैंने."

"मग बोलला का नाहीस?"

"कौन मानता? आप तो सर हैं." मग म्हणाला, "मुझे क्यों बताते हो? चौक को बताओ."

म्हणून हे लिहितो आहे. तिच्याबद्दलच्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. कोणत्या, ते विचारू नये.

आता जमेल तसा मी तिला शोधत फिरतो. धान भरडायच्या मिली जिथे जिथे आहेत तिथे जातो, रेजांच्या मुकादमांना विचारतो. पोर तिला मिळाली का, एवढंच मला कळायला हवं आहे. परवा एका गावात मुकादम म्हणाला, "काकाजी, अशा बाया लई येतात न् जातात. फोटो असन तं दाखवा. चार ठिकाणी मोबाईलवर टाकतो, आठ दिवसांत सापडन."

सापडेल, हे मलाही माहीत आहे. मला सापडेल, तशी तिच्या नवऱ्यालाही सापडेल. आणि पोर आता तिच्याजवळ असली तर?

"फोटो नाही," मी म्हणालो.

"मग कशी ओळखाची जी?"

सावळी आहे, मध्यम उंचीची, असं काहीतरी मी सांगू लागलो. तो मान हलवत उठला आणि ट्रककडे गेला.