जावयाची लाजाळू नंबरप्लेट

आधी गुन्हा कबूल करते. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे मी बासष्ट वर्षांची अल्लड पोर असताना, एका चालत्या यंत्राला मी झेंडूचा हार घातला, आणि तोसुद्धा डेंटल फ्लॉसमध्ये, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या चिवट दोऱ्यात, ओवलेला. या एका वाक्यात केवढा गाढवपणा मावलाय, ते समजायला आधी माझा जावई समजायला हवा. उभ्या टेक्सासात त्याच्याइतकं मनापासून चिडणारं दुसरं माणूस नाही. लोक सकाळी उठून चहा घेतात, हा संताप घेतो. पीनट बटरमध्ये साखर घालतात म्हणून चिडतो. आपणच फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीवर दुकानाच्या काउंटरवरचा बिलाचा स्क्रीन टिप मागतो म्हणून चिडतो. कुणी जाता जाता "हाऊ आर यू?" विचारलं आणि उत्तराला थांबलं नाही, तर "मग विचारलंस कशाला?" असं मराठीत, त्या माणसाच्या पाठीला विचारतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कारण मिरजेत जावयाला तसंच बोलतात. मनात मात्र तो 'तो'च.

बरं, चिडून गप्प बसेल तर तो जावई कसला! तो पत्रं लिहितो. मी इथे राहायला आले त्या उन्हाळ्यात ड्राइव्हवेवर सांडगे वाळत घातले होते. आमच्या या प्लेनो गावचं ऊन म्हणजे सांडग्यांसाठीच केलेलं; सकाळी घालावेत, दुपारी डब्यात. पण कॉलनीच्या कमिटीची नोटीस आली की आपल्या ड्राइव्हवेवर 'अनोळखी वस्तू' पसरलेल्या दिसतात. त्याने तीन पानी उत्तर लिहिलं. त्यात सांडग्यांचा इतिहास होता, कृती होती, ऊन ही कमिटीची मालमत्ता नसल्याचा मुद्दा होता, आणि शेवटी, "त्या अनोळखी वस्तू नसून माझ्या सासूबाईंनी केलेल्या आहेत," असं ठणकावलं होतं. कमिटी पुन्हा बोलली नाही. खरं सांगायचं तर त्याला स्वतःला सांडगे आवडत नाहीत.

अशा माणसाने नवी गाडी घेतली. निळी, नाकाडी, पुढून अगदी गुळगुळीत. आणि इथला कायदा असा की नंबरप्लेट मागे तर हवीच, पण पुढेही हवी. पुढे लावायची तर बंपरला दोन भोकं पाडावी लागतात. झालं! शोरूमच्या माणसाने ड्रिल काढताच जावई दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभा राहिला. "सर, दोन स्क्रू आहेत फक्त," तो बिचारा म्हणाला. "इट्स नॉट युवर फेस!" हा ओरडला. घरी येईपर्यंत आख्ख्या हायवेभर मला ऐकवत होता, "आई, शेजारच्या राज्यात एकच पाटी लागते. एक! तिथले चोर काय सापडत नाहीत?" मी म्हटलं, "मग शेजारच्या राज्यात घर घ्या." तर माझ्यावरही चिडला.

पण कायदा मोडेल तर शपथ. चिडायचं कायद्यावर आणि पाळायचाही तोच, ही त्याची रीत. तेव्हा त्याने ठरवलं की गाडी रस्त्यावर असेल तेव्हा पाटी बाहेर, राजरोस, सगळ्यांना दिसेल अशी. आणि इंजिन बंद केलं की पाटी आत, बंपरखाली, म्हणजे दारात उभी असताना गाडीचा चेहरा स्वच्छ. बंपरला, बंद पडलेली गाडी ओढून न्यायच्या हुकासाठी कंपनीनेच ठेवलेलं एक भोक असतं, त्यात त्याने दांडा बसवला, दांड्याला मोटर, मोटरला इंजिनाशी जोडणारी वायर. चार महिने गराजमधून गुर्रगुर्र आवाज यायचा आणि मग शिवी. पाटी सरकायला पट्ट्या हव्यात म्हणून या गृहस्थाने माझ्या मसाल्याच्या खणाच्या पट्ट्या काढून नेल्या! न विचारता! मी खण ओढला आणि हळद, तिखट, गोडा मसाला, सगळं माझ्या पायावर. "आई, त्या पट्ट्या फार स्मूद होत्या हो," एवढंच त्याचं म्हणणं. माझी मुलगी म्हणाली, "आई, तू त्याला चहा नेऊन देऊ नकोस, त्याला वाटतं आपलं बरोबर चाललंय." मी नेऊन देत होते. कारण ती पाटी पहिल्यांदा लाजाळूसारखी अलगद आत गेली, तेव्हा टाळ्या वाजवणारी मीच होते.

आता माझं दुखणं सांगते. आमच्या ह्यांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून, मी पस्तीस वर्षं बसले. ते गेल्यावर इकडे आले, तर इथे घराबाहेर पडायचं म्हणजे गाडी. वाचनालय चार मैल, देऊळ सात, आणि प्रत्येक वेळी आधी सांगायचं: कुठे, किती वाजता, परत कधी. जावई मीटिंग सोडून यायचा. साऱ्या जगावर चिडणारा हा माणूस या एका गोष्टीवर कधी चिडला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटायची. म्हणून मी लायसन्स काढायचं ठरवलं. रविवारी बंद ऑफिसांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यानेच मला शिकवलं. माझ्या ब्रेकवर चिडला, वळणावर चिडला, पण शिकवलं. टेस्टची तारीख मिळायला सात आठवडे लागले.

नेमकी टेस्टच्या आठवड्यात मुलगी कामाला शिकागोला गेलेली, तिची गाडी विमानतळावर. म्हणजे टेस्ट निळ्या गाडीतच. सकाळी त्याने गाडी सुरू केली, पाटी बाहेर आली, आणि तो पाण्याची बाटली आणायला आत गेला. आता मला सांगा, एवढं मोठं काम आणि गाडीची पूजा नाही? त्याला सांगितलं असतं तर "आई, ते मशीन आहे" म्हणाला असता. म्हणून गुपचूप कुंड्यांतल्या झेंडूचा हार पाटीवर चढवला, दोन गाठी मारल्या. साधा दोरा तुटतो म्हणून फ्लॉस. हुशारीच की नाही!

टेस्टच्या जागी पोचलो, त्याने इंजिन बंद केलं, आणि पाटीबरोबर हारही आत गेला. मोटर किंचाळली आणि गप्प झाली. तेवढ्यात टेस्ट घेणारी बाई आली, उंच, हातात पॅड. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मॅम, व्हेअर इज युवर फ्रंट प्लेट?"

"इट इज रेस्टिंग," जावई म्हणाला आणि घाईने इंजिन सुरू केलं. पाटी जागची हलली नाही. बंपरखालून फक्त झेंडूच्या पाकळ्या गळायला लागल्या. बाई म्हणाली, पाटीशिवाय टेस्ट नाही. ती दुसऱ्या एकाची टेस्ट घेऊन वीस मिनिटांत येईल, तोवर पाटी दिसली तर ठीक, नाहीतर नवी तारीख.

मला वाटलं, आता हा चिडणार, आणि चिडायलाच हवं होतं. तो गाडीखाली शिरला, फ्लॉस ओढला, तुटेना. दातांनी तोडायला गेला, तुटेना. शेवटी पाटीच दांड्यावरून सोडवली, हारातून ओढून काढली आणि बाहेर आला. पाटीच्या दुरुस्तीची हत्यारं डिकीत कायम असायची, त्यातलं ड्रिल काढलं.

"अहो, नको!" मी म्हटलं. "मी घेते पुढची तारीख."

"आणखी सात आठवडे?" तो म्हणाला. "बाजूला व्हा, आई."

पहिलं भोक पाडताना मी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी उघडून पाहिलं, तर त्यानेही मिटलेले! त्यामुळे पाटी जरा तिरकी बसली. बाई परत आली, तिने वाकून पाटी वाचली आणि माझ्या शेजारी बसली. पार्किंग करताना खुणेला ठेवलेला एक नारिंगी प्लास्टिकचा कोन मी पाडला, पण पास झाले, काठावर.

पुढे दोन वर्षांनी त्याने दुसरी गाडी घेतली. शोरूममध्येच मुकाट्याने भोकं पाडून घेतली. मला ते मुळीच आवडलं नाही. चार महिन्यांची ती गुर्रगुर्र आणि त्या शिव्या मी विकत आणल्या असत्या, पण कुठे मिळतात!

टेस्टच्या त्या दिवशी मात्र परत येताना मी चालवत होते आणि तो शेजारी, माझ्या एकाही ब्रेकवर चिडला नाही. घरी उतरल्यावर गाडीपुढे उभा राहून बंपरवरचा प्लास्टिकचा भुगा बाहीने पुसत होता. मी काच खाली करून म्हटलं, "चुकलं हो माझं." तो खिडकीपाशी आला, वाकला आणि म्हणाला, "आई, किल्ली तुमच्याकडेच ठेवा. आणि उद्या कुठे जाऊन आलात, ते मला अजिबात सांगू नका."