गावंडे सरांनी गाळलेल्या दोन ओळी

गावंडे सर गेले त्याले आज वर्ष झालं. अन् त्यांनी लावून ठेवलेला निरोप परवा आला.

मी बोलून राहिली, नात टाइप करून राहिली. मले अक्षर येत नाही. तिनं मधात काही सुधारलं तर मी दुसऱ्याकडून वाचून घेईन, हे तिले माहीत आहे.

सर मूळचे पातूरचे. अमरावतीले विद्यापीठाच्या लायब्ररीत होते.

मी नांदगाव खंडेश्वरकडची, झेंडू-शेवंतीवाली. शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या, एका झाडाच्या पाल्याचा काढा मी जन्मभर घरात पाजला. गुडघे दुखो का अंग मोडो.
सगळ्यात जास्त पेले हिचे आबाजी, म्हणजे माझे मालक. माझ्या हातचा चहा त्या माणसाले कधी आवडला नाही. काढा मात्र मागून पेत.

मंग त्यांच्या किडन्या गेल्या.
मंग ते गेले.

झाडाचं नाव सांगत नाही. उद्या तुमच्यातलंच कोणी पेऊन पाहीन, नाहीतर कोणी भेऊन मरन.

दोन वर्षांमागं स्वाती, म्हणजे ही नात, मोबाईलवर त्याच झाडाचं पाहून राहिली होती. कॉलेजात सेमिनार होता म्हणे. पाहता पाहता चूप झाली.

"काय लिवलं वं?"
"काही नाही, आजी."

मले अक्षर वाचता येत नाही. वाचणाऱ्याचं तोंड बरोबर वाचता येते.

शेवटी बोलली. कोण्या रिसर्चमध्ये होतं, त्या झाडानं किडनी खराब होते. वरच्या आठ ओळी दिसत होत्या. खाली कुलूप.

त्या दिवसापासून हिच्या आबाजींच्या फोटोले हार घालाले माझा हात उठला नाही. ज्या हातानं पाजलं, तोच हात.

"कुलपाच्या आत काय आहे ते पाय," मी म्हटलं.

स्वाती लायब्ररीत गेली. कार्ड होतं तिच्यापाशी, पण बाई ते पंख्याखाली बसाले वापरे! घरून जे बंद दिसते ते विद्यापीठाच्या लॉगिननं उघडते, हे तिले गावंडे सरांनी सांगितलं. लायब्ररीच्या वेबसाइटवर डेटाबेसची यादी आहे, तिथून आत जायचं.

झाडाचं आपल्याकडचं नाव टाकलं, तर काहीच निघालं नाही.
सर म्हणाले, "झाडच आणा."

आणलं. मुळासकट, ओल्या फडक्यात, फुलांच्या टोपलीत.
गेटवरचा चौकीदार म्हणे, "आजी, इथं हार विकता येत नाही."
म्हटलं, "तुह्यासाठीच आणला होता रे, राहू दे मंग."

वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनं झाड पाहून शास्त्रातलं नाव लिहून दिलं. सरांनी ते टाकलं अन् स्क्रीन भरून गेली. तोच रिसर्च सगळ्यात वर. पुरा.

सारं इंग्रजीत. सर एक ओळ वाचत अन् आपल्या बोलीत सांगत. बोट ओळीखालून फिरे. मी बोटाकडं पाहून राहिली होती.
एका जागी बोट उडालं.

"सर, दोन ओळी गाळल्या."
"तुमाले वाचता येते, आजी?"
"नाही. मोजता येते. फुलं मोजल्याबिगर हार होत नाही."

स्वातीनं माझा पदर ओढला. सरांचे कान लाल झाले. मंग त्यांनी बोट मागं नेलं.

उंदरांच्या किडन्यांचं होतं. कशा खराब झाल्या, किती दिवसांत.
मी म्हटलं,

"पुढं वाचा."

पुढं होतं, उंदरांले बिया दिल्या होत्या. वाटून. पाला नाही.

"मी तं बी कधी घातलंच नाही! पालाच घातला!" मी ओरडली. लायब्ररीतली सारी पोरं वळून पाहाले लागली.

मले वाटलं, आता सर म्हणतीन, सुटल्या आजी.
ते म्हणाले, "पाल्याचं यात काहीच नाही. चांगलं बी नाही, वाईट बी नाही."

"म्हणजे मी मारलं का नाही मारलं?"
"मले माहीत नाही, आजी. एकदा गाळून पाहिलं, तुमी पकडलं. आता नाही गाळत."

असा राग आला! एक खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?
घरी येता येता बसमध्ये वाटलं, या माणसानं कधी 'नाही मारलं' म्हटलं, तर मी मानीन.

निघायच्या आधी त्यांनी अलर्ट लावून देला होता. पाल्यावर कोणी नवीन रिसर्च केला की स्वातीच्या ईमेलवर निरोप येईन. मशीन म्हणे, अलर्टले नाव द्या. सरांनी टाकलं: कमलाबाईचा पाला.

दर सोमवारी मी स्वातीले इचारे, "आलं काय?"
"नाही आलं, आजी."

अन् एक दिवस सरच गेले. हार्ट अटॅक.
त्यांचा हार मीच गुंफला. मोजणी चुकली. तीनदा उसवला.

परवा निरोप आला. कमलाबाईचा पाला. एक नवीन.
"आजी, वरच्या ओळी दिसून राहिल्या. वाचू?"
म्हटलं, "मोबाईल पालथा ठेव."
आठ ओळींनं एकदा जीव खाल्ला आहे माझा.

परवापासून कुकरची शिट्टी झाली तरी छाती धडधडते. या वयात माणूस मरणाले भेते म्हणतात. मी एका कागदाले भेऊन राहिली.

उद्या अकरा वाजता आमी दोघी लायब्ररीत जाऊन राहिलो. सरांच्या खुर्चीवर नवीन पोरगी आहे म्हणे. तिले पहिलेच सांगन, बाई, ओळीखाली बोट ठेव.

सर, स्वातीच्या मोबाईलवर तुमचा फोटो आहे. आज त्याच्यापुढं शेवंती ठेवली.
हिच्या आबाजींच्या फोटोले हार उद्या. वाचून आल्यावर. काही बी निघो.

येतो, सर. तुमाले कमलाबाईचा राम राम.