डंपरवाल्या निकेशचा हुद्दा

“‘लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह’? सर, निकेश डंपर चालवते!”

“मंग? डंपरमंदी माल जाते का नाई? माल नेणं म्हणजेच लॉजिस्टिक्स. तूच शिकवलं ना पोरायले?”

“अन् दिव्यानी ‘वनोपज उद्योजिका’? ती मायसोबत मोहफुलं वेचून राह्यली. बीबीएच्या आंधीपासून वेचते!”

“हळू बोल, साबिरा. परवा मानांकनाची समिती येऊन राह्यली.”

साबिरा शेख गडचिरोलीच्या या कॉलेजात तासिकेवर बीबीए शिकवते. समोर बसलेल्या विभागप्रमुख निखाडे सरांनी जूनमध्ये नाव पाठवलं, तरच पुढचं वर्ष. तिचे अब्बा घुग्घुसला ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतात. ते म्हणतात, माल भिजला की लोक दोऱ्याला विचारत नाहीत, शिवणाऱ्याला विचारतात.

मानांकन टिकवायचं तर शिकलेली मुलं पुढे काय करतात, हे कॉलेजला दाखवावं लागतं. आधी तो तक्ता स्टाफरूममध्ये चहासोबत भरला जायचा. तीन वर्षांपूर्वी काम साबिराकडे आलं आणि तिनं खुळ्यासारखे खरेच फोन लावले. लागेनात. मग तिनं गावोगावचे बाजाराचे वार लिहून काढले. एटापल्लीकडची पोरं बाजाराला आली की रेंजमध्ये येतात. त्या दिवशी ती वही घेऊन बसायची. बासष्ट नावं. शिकलेल्या कामाची नोकरी अकरा जणांना. समोरच्या अहवालात अठ्ठेचाळीस!

प्रत्येकाला ती एक प्रश्न विचारायची, कॉलेजात शिकलेलं काय कामी आलं? निकेशचं उत्तर वहीत जसंच्या तसं आहे. तिनं ते आता मोठ्यानं वाचलं.

“‘मॅडम, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट भेटलं. इंटर्नशिप कुठी भेटली?’”

निखाडे सर हसले. “पोट्टा पहिल्यापासून टवाळखोर.”

“टवाळ नाई सर, खरं बोलून राह्यला! एकोणीस जणायनं हेच सांगतलं. हे अहवालात लिहा. नाई लिहिलं तर पुढच्या पोरायलेबी नुसता कागदच भेटन!”

“लिहू? अन् मानांकन गेलं, कोर्स बंद पडला, तर पोरायले काय भेटन? तुले तत्त्व सुचून राह्यलं. तासिका कोन देईन?”

साबिरानं संतापून वही मिटली.

“तक्ता तूच बनवला, असं लिहून टाकलं आहे,” सरांनी पेन पुढे सरकवलं. “खाली सही कर. अन् वही ठेव इथीच, समितीच्या हाती लागाले नको.”

म्हणजे अठ्ठेचाळीस तिच्या नावावर!

तिनं पेनाला टोपण लावलं, कोऱ्या सहीच्या रकान्यावर आडवं ठेवलं आणि वही काखेत मारली.

“साबिरा! जूनमंदी नाव पाठवू का नको?”

ती दारापर्यंत पोचली होती.

“अवं, वही कुठी नेऊन राह्यली?”

जिन्यावर चपला वाजत खाली गेल्या.